आवडाक्कानं परत केलेली वाटी

दूध संपवा आधी. वाटी हातात धरून गोष्ट ऐकायची नाही, सांडतं. परवा विमानात बसून समुद्रापार निघालात ना सगळे? मग आज राजाची नाही, राणीची नाही, आवडाक्काची गोष्ट. आणि आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट सांगताना मला राग येतो. आवाज चढला तर दचकू नका.

तर एक होती आवडाक्का. करंजेपाट नावाच्या गावात राहायची. तिला एक नात होती, बकुळा. सात वर्षांची, तुमच्याएवढीच. एकदा काय झालं, बकुळेची झोपच हरवली. डोळे मिटायची, कूस बदलायची, पण झोप काही येईना. एक दिवस गेला, आठ दिवस गेले, महिना गेला. पोर वाळून काडी झाली. मग वैद्य आला. नाडी बघितली, मान हलवली. म्हणाला, "आवडाक्का, माझ्याकडं औषध नाही. उगवतीकडं, समुद्रापार, पिवळ्या कळसांचं शहर आहे. तिथं देव निजलाय. हजार वर्षं झाली, कुशीवर निजलाय. त्याच्या श्वासातून झोप पडते, पिठीसारखी. चिमूटभर आण. पण पौर्णिमेच्या आत आण. त्यापुढं पोरीच्यानं धीर निघायचा नाही."

आवडाक्कानं डोळे पुसले आणि लाडू वळायला घेतले. प्रवासाला लाडू हवेत ना? बरोबर बकुळेचे चांदीचे वाळे घेतले, देवाच्या पायाशी ठेवायला. हातात स्वतःच्या पाटल्या होत्याच. आणि राजाच्या माणसांनी गळ्यात एक पितळी बिल्ला घातला. म्हणाले, "बाई, हा सांभाळा. बिल्ला नाही तर परतीच्या गलबतावर पाय ठेवू देणार नाहीत."

आता एक ऐका, बरं का. करंजेपाटात एक रीत होती. शेजारणीनं वाटीतून काही दिलं, की ती वाटी रिकामी परत करायची नाही. कालवण आलं तर लोणचं जायचं. काही नसलंच तर साखरेचे चार दाणे, पण रिकामी वाटी कध्धी नाही. आवडाक्कानं जन्मात कुणाची वाटी रिकामी दिली नव्हती.

मग गलबत निघालं. पाणीच पाणी. आणि एका सकाळी पिवळे कळस दिसले. तांडेल म्हणाला, "आक्का, आज संध्याकाळीच परत फिरायचं. हे गलबत चुकलं तर पुढचं पौर्णिमेनंतर." म्हणजे एकच दिवस होता हो तिच्या हातात. एकच.

आवडाक्का बंदरावर उतरली आणि समोर उभा एक छत्रीवाला. पांढरे कपडे, गोड चेहरा. "या मावशी! उन्हाच्या आलात. घ्या, सरबत घ्या." आणि चक्क आपल्या भाषेत बोलला! आवडाक्काला भरून आलं. एवढ्या लांब कुणी मावशी म्हणतंय. अगं आवडाक्का, त्याला दहा भाषांत मावशी म्हणता येतं, तो त्याचा धंदाच आहे! पण तिला काय ठाऊक. ती सरबत प्यायली, आणि वाटीत एक लाडू ठेवून वाटी परत केली. वर सांगितलंन काय? "आमच्यात वाटी रिकामी देत नाहीत हो, लेका."

झालं. छत्रीवाल्याचे डोळे लकाकले.

तिनं देवळाची वाट विचारली. तो हळहळला. "अरेरे! देऊळ आज बंद. आज देवाच्या न्हाणाचा दिवस." मग तो दुकानात गेला आणि दुसरी वाटी घेऊन आला. वाटीत एक निळा खडा. "हा झोपेचा खडा. उशाखाली ठेवायचा. पैसे? छे छे मावशी, भेट आहे!" आता आली का पंचाईत? खड्याची वाटी रिकामी कशी द्यायची? आणि एवढ्या मोलाच्या खड्याला लाडू ठेवला तर करंजेपाटाचं नाव जायचं. तो काही मागेना. नुसता हसत उभा राहिला, वाटीकडं बघत. मग तिनं काय केलं, कमरेची पिशवी सोडली आणि बकुळेचे वाळे वाटीत ठेवले. मेल्यानं घेतले! आजारी पोरीचे वाळे आहेत, हे तिनं सांगितलं होतं त्याला. तरी घेतले, आणि वर नमस्कार केला.

आवडाक्का चार पावलं चालून चौकात आली आणि थांबली. वैद्य खडा म्हणाला नव्हता. वैद्य देवाचा श्वास म्हणाला होता. तेवढ्यात एक घोडेवाला आला. छत्रीवाल्यानं त्याच्या कानाला लागून सगळं सांगितलंच होतं. "मावशी, देऊळ पुढून बंद, पण मागं एक दार आहे. माझ्या घोड्यावर बसा. फुकट नेतो." आणि वाटीभर गूळ-चणे पुढं केले. तिनं चणे खाल्ले, वाटीत लाडू ठेवला, वाटी परत केली आणि घोड्यावर बसली.

मग त्यानं तिला फिरवलं, फिरवलं, दुपार होईपर्यंत एकाच डोंगराला वळसे घातले. आणि परत त्याच चौकात आणून उतरवलं. म्हणाला, "मागचं दारही बंद दिसतंय." वर एकदम कपाळ बडवून घेतलं. "अहो मावशी, हे काय केलंत! घोड्याचा पाय सोलवटला! माझ्या लेकरासारखा घोडा! भरपाई द्या!"

आवडाक्का खाली वाकली. जखम होती खरी. पण तिच्या भोवती तांबड्या मातीचा लेप होता, आणि तो घामानं निथळत होता. "अरे, ही जखम जुनी आहे! तूच माती लावून झाकली होतीस. मी जन्मभर गुरं राखलीत, मला शिकवतोस?" असं म्हणाली ती, बरं का, ठणकावून म्हणाली. पण मग शेजारच्या गल्लीतून चार दांडगे आले आणि तिच्याभोवती उभे राहिले. कुणी हात लावला नाही. नुसते उभे. चौकात माणसं होती की नव्हती? होती! भाजीवाले होते, पालखीवाले होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग आवडाक्कानं हातातल्या पाटल्या उतरवल्या. म्हाताऱ्या बाईच्या हातातल्या पाटल्या काढून घेताना त्यांच्या तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही.

ती भिंतीशी बसली आणि रडली. तर आला तिसरा. हा मोठ्या पागोट्याचा, कमरेला तलवार. "मावशी, मी नगराचा शिपाई. तुम्हाला कुणी फसवलं का? रडू नका, पाणी घ्या." वाटीतून पाणी दिलं. तिला वाटलं, देवच धावला. "बिल्ला दाखवा," तो म्हणाला. दाखवला. "हं. हा तपासून आणतो. इथंच बसा, हलू नका." आणि गेला. तो गेला तो गेलाच! शिपाई कसला, लबाडांचाच लबाड. तलवार लाकडाची होती त्याची.

आवडाक्का बसून राहिली. ऊन कलायला लागलं. वाळे गेले, पाटल्या गेल्या, बिल्ला गेला. हातात राहिली ती पाण्याची वाटी. द्यायची तरी कशी? वाटीत घालायला लाडूसुद्धा उरला नव्हता. आणि तिकडं बकुळा उघड्या डोळ्यांनी आढ्याकडं बघत पडली असेल. ते आठवलं आणि आवडाक्का ताडकन उठली.

आता इथं नीट ऐका. ए, डोळे उघड जरा, एवढं ऐक आणि मग झोप. इतका वेळ जो आला तो आपणहून आला होता. छत्रीवाला आपणहून आला, घोडेवाला आपणहून आला, शिपाई आपणहून आला. आवडाक्कानं चौकभर बघितलं. एका कोपऱ्यात एक बाई रताळी भाजत होती. तिचं हिच्याकडं लक्षसुद्धा नव्हतं. आवडाक्का तिच्याकडं गेली.

"बाई गं, निजलेल्या देवाचं देऊळ केव्हा उघडतं?"

रताळीवालीनं वर बघितलं. "उघडतं म्हणजे? आजी, त्या देवळाला दारच नाही. देव निजलाय, कुणी यावं, कुणी जावं. हे काय, त्या चिंचेमागं. शंभर पावलं." मग तिची नजर निळ्या खड्यावर गेली. "आणि ही फुटक्या बाटलीची काच कशाला घेऊन फिरता? हात कापेल."

दारच नाही! आवडाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारच नाही, आणि मेले म्हणतात बंद! शंभर पावलांवर देव, आणि तिला दिवसभर डोंगराला फिरवली! ती काच तिनं अशी भिरकावली, अशी, की पार गटारात जाऊन पडली.

आणि शंभर पावलं चालून ती देवळात गेली. खरंच दार नव्हतं. आत देव निजला होता, कुशीवर, हात उशाला घेऊन. केवढा मोठा! नुसता अंगठा आपल्या घराएवढा. श्वास आत जायचा, बाहेर यायचा, आणि ओठांपाशी पांढरी पिठी पडायची, हळूहळू, चाळणीतून पडावी तशी. तिथला म्हातारा पुजारी म्हणाला, "घे बाई. वाटी धर." काही मागितलं नाही त्यानं. आवडाक्काचे हात जोडलेलेच राहिले. "देवा, तुझ्यासाठी वाळे आणले होते रे. ते घेतले मेल्यांनी." देव झोपेतच हुंकारला.

मग तिनं वाटीतली पिठी पदराच्या टोकाला घट्ट बांधली, तीन गाठी मारून. ती बकुळेची. वाटीच्या तळाला थोडी चिकटून राहिली. ती काही तिनं पुसली नाही.

आता बिल्ला हवा ना, गलबतावर चढायला? ती थेट बंदरावर गेली. आणि तिथं कोण बसलेत? तिघंच्या तिघं! छत्रीवाला, घोडेवाला, पागोटेवाला, तिचेच लाडू वाटून खात! तिला बघून हसले. पागोटेवाला म्हणतो कसा, "मावशी, आमची वाटी राहिलीय तुमच्याकडं. आणि तुमच्यात रिकामी देत नाहीत म्हणे?"

"नाहीच देत," आवडाक्का म्हणाली. आणि वाटी पुढं केली.

तिघांनी डोकी एकत्र केली. काय दिलंय, काय दिलंय करत नाकं आत खुपसली. आणि मग काय! पहिला आडवा, दुसरा आडवा, तिसरा आडवा. घोरायला लागले. पण देवाच्या घरची झोप ती. तिच्यात खोटं बोलता येत नाही. छत्रीवाला झोपेतच ओरडायला लागला, "देऊळ उघडं आहे होऽ! त्याला दारच नाही! मी रोज खोटं बोलतो होऽ!" घोडेवाला ओरडला, "घोडा आधीपासूनच लंगडा आहे!" आणि पागोटेवाला, "मी शिपाई नाही! तलवार लाकडाची! बिल्ले माझ्या पागोट्यात आहेत!"

आवडाक्कानं पागोटं उलगडलं. त्यातून दहा देशांचे दहा बिल्ले पडले, आणि तिचे वाळे, तिच्या पाटल्या. बंदरावर हीऽ गर्दी जमली. लोक हसायला लागले. आणि तेव्हा आवडाक्का खरी भडकली.

"हसताय काय? तुम्हाला माहीत नव्हतं? तू भाजीवाल्या, तू पालखीवाल्या, माझ्या पाटल्या जाताना तिथंच होतात की! माझी नात मरायला टेकलीय, आणि देव शंभर पावलांवर होता. एकानं बोट दाखवलं असतं तर? एका बोटाचा प्रश्न होता रे! लाज वाटू द्या! पाहुणा दारात आलाय तुमच्या!"

मग भाजीवाला खाली बघत पुढं आला आणि बाकीचे नऊ बिल्ले उचलून ज्याचे त्याला द्यायला गेला. पालखीवाल्यानं आवडाक्काला गलबतापर्यंत पोचवलं. वाळे मात्र तिनं गर्दीत आलेल्या रताळीवालीकडं दिले. "देवाच्या पायाशी ठेव गं, माझ्या वतीनं." आणि रताळीवालीनं ठेवले.

मग गलबत निघालं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आवडाक्का घरी पोचली. पदराच्या तीन गाठी सोडल्या आणि बकुळेच्या डोळ्यांवर पिठी टेकवली. बकुळेनं जांभई दिली. एवढीशी जांभई. आणि पोर झोपली हो, आजीच्या मांडीवर. तीन दिवस झोपली. उठली ती म्हणाली, "आजी, भूक लागली." मग आवडाक्का रडली, पण हे रडणं वेगळं.

करंजेपाटात अजूनही वाटी रिकामी देत नाहीत. ती रीत का मोडायची? रीत चांगलीच आहे. लबाडांसाठी आपण का बदलायचं? फक्त आता वाटेवर कुणी अनोळखी मावशी, मावशी करत वाटी पुढं करायला लागला, की तिथल्या बायका म्हणतात, "नको हो, आत्ताच प्यायले." आणि वाट विचारायची झाली तर त्या रताळी भाजणारी शोधतात.

ते तिघं बंदरावर अजून घोरतायत म्हणे, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला देवळाची खरी वाट ओरडून सांगतायत. घोरू देत.

बकुळा झोपली, आवडाक्का झोपली, निजलेला देव तर निजलेलाच आहे. आता तुम्हीही पडा. आणि दुधाच्या वाट्या आणा इकडं. आणा गं. काही घालायला नको त्यात. आजीला रिकामी वाटी चालते.