फिरतं खुराडं

"आणि उद्या सुरी कोण धरणार?" पद्माकरनं विचारलं.

"ज्यानं दाणा घातला तो," अमीनशा बाबा म्हणाले.

दोघं माळावरच्या तकियाबाहेर, बाबांच्या फकिरी मठीबाहेर बसले होते. समोर खुराडं होतं. बांबूचं, बिनतळाचं, वरून जाळी ठोकलेलं. आत पांढरे ब्रॉयलर पक्षी. रोज सकाळी पद्माकर त्याची दोरी खांद्यावर घेई आणि खुराडं जरासं पुढं, ताज्या गवतावर ओढी. पक्षी आतल्या आत चालत. मागं विष्ठेनं माखलेला चौकोन उरे.

हे काम बाबांनीच दिलं होतं. पद्माकर जिल्ह्याच्या कोर्टातली चालती वकिली बंद करून उपदेश घ्यायला आला होता. बाबांनी पिल्लांचं खोकं त्याच्या हातात ठेवलं.

"ही वाढव. मग बोलू."

त्यानं वाढवली. गारठ्यात त्यांच्यासाठी शेगडी पेटवून बसला. पाणी बदललं, पंख तपासले. आता ती भरली होती.

"बाबा, आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी मांस खाल्लेलं नाही."

"तुला खायला कोण सांगतंय?"

टेकडीखाली क्षयाच्या रोग्यांची पत्र्याची शेड होती. पक्षी भरले की बाबा कापायचे आणि हळद-मीठ घालून मांस उकडून त्याचं बिनतिखटाचं पाणी खाली पाठवायचे. ज्यांच्या पोटात दुसरं काही ठरत नसे, त्यांच्या पोटात तेवढं ठरे.

"कापायला खाटीक मिळेल," पद्माकर म्हणाला.

"मिळेल."

"मग मीच का?"

बाबांनी दाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"जीव घेऊन कुणाला ज्ञान झालंय, बाबा?"

"ज्ञानाचं मी कुठं बोललो?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बाबा सुरीला धार लावून, ती ओट्यावर ठेवून नमाजासाठी गावात गेले.

पद्माकर बराच वेळ सुरीकडे बघत उभा राहिला. मग त्यानं खुराड्याची एक बाजू उचलली. खाली दगड लावले आणि बाजूला झाला.

"जा," तो म्हणाला.

कोणी गेलं नाही. छाती जड, पाय फेंगडे. त्यानं एकेकाला उचलून बाहेर ठेवलं. जिथं ठेवलं तिथंच ते बसून राहिले. दोघं-तिघं तर परत आत शिरले.

तो तकियात जाऊन डोळे मिटून बसला. फार दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

बाहेर कलकलाट झाला. पक्षी भांडत असतील असं त्याला वाटलं. तो उठला नाही.

मग कुत्री भुंकली.

कुत्र्यांनी खाल्लं काहीच नव्हतं. एकाला धरायचं, झटकायचं, टाकायचं आणि दुसऱ्याकडे वळायचं. पळून वाचला असा एकही नव्हता. पद्माकर काठी घेऊन धावला तोवर माळ पिसांनी भरला होता.

बाबा परतले. फिरून सगळं बघितलं. कुदळ घेऊन खड्डा खणू लागले. कुत्र्यांनी फाडलेलं रोग्यांना देता येणार नव्हतं.

खड्डा अर्धा झाला असेल. खालून सोनकाबाई आली. तिचा नवरा शेडमध्ये होता. हातात झाकणाचा डबा.

"बाबा, आज मिळणार म्हणून त्यांनी कालपासून तोंडात काही घेतलं नाही."

"आज नाही, बाई."

तिनं पिसं बघितली. पद्माकरकडे बघितलं. तो काही बोलेल म्हणून थोडी थांबली... मग डबा पदराखाली घेऊन उतार उतरू लागली.

ती दिसेनाशी झाली तसा पद्माकर बोलला.

"बाबा, माझ्या मनात वाईट नव्हतं. मला त्यांना जगवायचं होतं."

बाबांनी खुराड्यामागं बोट दाखवलं.

तिथं एक पक्षी पडला होता. पोट फाटलेलं. डोळा उघडा. श्वास चालू होता.

"हा जिवंत आहे."

"हो."

"असा किती वेळ राहील?"

"संध्याकाळपर्यंत. चिवट असला तर उद्यापर्यंत."

पद्माकर खाली बसला. त्यानं पक्ष्याला मांडीवर घेतलं. रोज दाणा टाकताना व्हायचा तसा बारीक आवाज पक्ष्याच्या गळ्यातून आला. त्यानं चोच पद्माकरच्या तळव्यात खुपसली. तळवा रिकामा होता.

"तुम्ही करा, बाबा."

बाबांनी ओट्यावरची सुरी आणली. मूठ त्याच्याकडे करून पुढं धरली.

"माझ्यानं होणार नाही."

बाबा त्याच्याशेजारी मातीत बसले. सुरी तशीच पुढं धरलेली. पक्ष्याचा श्वास अडकत होता, पुन्हा सुरू होत होता...

"सोडलंस ना त्याला?" बाबा म्हणाले. "आता सोडव."