बुधीचा वाटा

आवळवाडीच्या मागच्या ओढ्यावर दिवसाढवळ्या सांबरं पाण्याला यायची, त्या काळातली ही गोष्ट. तिथं बुधी नावाची एक ठाकरीण राहायची. गावाची पारध निघाली आणि जनावर जखमी होऊन पळालं, की रक्ताचा माग काढायला तिलाच बोलवायचे. आधी हे काम तिचा नवरा करायचा. एकदा कुणीतरी जखमी करून तसंच सोडलेलं डुक्कर त्याच्या अंगावर आलं, आणि तो गेला. तेव्हापासून बुधी दुखावलेलं जनावर रानात सोडून घरी येत नसे.

ती मागाच्या कडेकडेनं चालायची, मागावर पाय द्यायची नाही. फेसाळ रक्त दिसलं की म्हणायची, छातीत लागलंय, जवळच पडलं असेल. काळपट दिसलं की म्हणायची, पोटात लागलंय, पडायला वेळ लागेल, भाकरी सोडून खायला बसा. शेवटचा थेंब दिसला तिथं ती दगडाखाली हिरवं पान ठेवायची. माग तुटला तर परत त्या पानाशी यायची आणि तिथून गोल फिरत शोधायची. पावसानं धुतलेलं रक्तही तिला दिसायचं, असं म्हणतात. मुंग्या रांग धरून तिच्यापुढं चालायच्या, असंही म्हणतात.

एका सालच्या पारधीत दादजी खोतानं दांडग्या डुकरावर बार टाकला. डुक्कर कोलमडलं, उठलं आणि करवंदीच्या जाळीत शिरलं. खोत तलवार उपसून धावला.

"धनी, थांबा!" बुधी ओरडली. "रक्त काळं आहे. त्याला पडू द्या. आत्ता मागं लागलात तर उलटेल."

"तू बस थांबून," खोत म्हणाला आणि जाळीत घुसला. आतून किंकाळी आली. हाकारे देणारे गडी भराभर झाडांवर चढले. खाली एकटी बुधी राहिली.

जाळीपलीकडं तिला दोन माग दिसले. एक डोंगर चढत होता, त्याचं रक्त गुडघ्याएवढ्या उंचीवर पानांना पुसलं गेलं होतं. दुसरा ओढ्याकडं उतरत होता, आणि तिथल्या एका बुंध्यावर माणसाची पाच बोटं उमटली होती. बुधी बराच वेळ वरच्या मागाकडं बघत राहिली. असंच एक डुक्कर तेव्हा कुणी सोडलं नसतं, तर तिचा नवरा आज घरी असता. मग तिनं तिथं पान ठेवलं, त्यावर दगड ठेवला आणि ती ओढ्यात उतरली.

खोत खडकाला टेकून पडला होता. मांडी उसवली होती. बुधीनं लुगड्याचा पदर फाडून करकचून बांधला आणि गड्यांना हाक घातली.

"वाचवलंस, बुधे," खोत म्हणाला. "चल आता घरी. ते डुक्कर राहू दे."

"कसं राहू देऊ? उद्या कुणी बाई लाकडाला येईल. तिला काय ठाऊक, जाळीत काय बसलंय?"

एवढं बोलून ती डोंगर चढू लागली. ती परत आली नाही.

तिसऱ्या दिवशी गडी तिला शोधायला निघाले. दगडाखालची पानं बघत त्यांनी सात डोंगर ओलांडले. सातव्याच्या माथ्यावर कडा होता. कड्याच्या टोकावरचं पान नुकतं तोडल्यासारखं ताजं होतं. पुढं नुसतं आभाळ. डुक्कर नव्हतं, बुधीही नव्हती. त्यानंतर त्या रानात जखमी जनावर कुणाच्याही अंगावर आलं नाही, असं म्हणतात.

पुढच्या पारधीला खोत लंगडत आला. शिकार वाटायला बसले तेव्हा त्यानं आपल्या हातानं पहिला वाटा बुधीचा काढला.

आता तिथं पारध होत नाही. पण बोकड कापला, मासे वाटले, की अजून पहिला वाटा बुधीचा निघतो. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय त्या घरी तो जातो. घरातलं माणूस दारात येऊन विचारतं, "मिळालं का जनावर?"

"अजून नाही," वाटा आणणारा सांगतो. "बाई मागावर आहे."

मग पातेलं आत जातं.