आतली खोली

“मग सोमवारपासून येताय ना?” फोनवरच्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

दिवस साधाच होता. निरंजन पोतनीस स्टुलावर चढून पंखा पुसत होता. नेपथ्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला त्याला प्रवेश मिळाला होता. पन्नाशीत.

“येतो,” तो म्हणाला. फोन ठेवला आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “शलाका, ऐकलंस का?”

शलाकाला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

ती हौशी नाटकांतून कामं करायची. “एकदा माझ्या नाटकाचं नेपथ्य कर ना रे,” म्हणायची. तो सिनेमाचा कलादिग्दर्शक. “हा सिनेमा संपू दे,” म्हणायचा. सिनेमे संपत गेले, नवे येत गेले.

वर्षअखेरीला प्रत्येकानं एका नाटकाचं नेपथ्य करायचं होतं. त्यानं शलाकाचं शेवटचं नाटक निवडलं. नवरा, बायको आणि एक दिवाणखाना. दिवाणखान्याचं छोटं मॉडेल इतकं हुबेहूब झालं, की त्याच्या निम्म्या वयाच्या वर्गमित्रांनी त्याचे फोटो काढले.

नेपथ्य शिकवणाऱ्या गुरवसरांनी ते लांबूनच पाहिलं.

“देखणं आहे. आता जमिनीवर उतरवा,” म्हणाले आणि खडू पुढे केला.

सरांची ही पद्धतच होती. मॉडेल झालं, की तालमीच्या हॉलमध्ये ते खऱ्या मापानं खडूनं आखायचं. आणि ज्यानं आखलं त्यानंच त्यातून चालायचं.

संध्याकाळी हॉलमध्ये दोघंच होते. पोतनीसनं भिंती आखल्या, खिडकी आखली. नवऱ्याच्या खुर्चीची खूण केली आणि तिथं तालमीची एक जुनी खुर्ची ठेवली. मागे स्वयंपाकघराचं दार. दारामागे हातभर अंतरावर एक रेघ.

“ही काय?”

“दारातून दिसेल तेवढी फळी. तिच्यावर भांडी रंगवलेली.”

“आणि तिच्या मागे?”

“काही नाही, सर. प्रेक्षकांना दिसत नाही.”

“बायको कुठून येते?”

“आतून.”

“आत तर काही नाही म्हणता.”

“सिनेमात इथं कट व्हायचा,” पोतनीस ओशाळं हसला.

“पोतनीससाहेब, इथं बाई कट होत नाही. चहा करून बाहेर येते.”

सर जाऊन खुर्चीत बसले. “तो कोपऱ्यातला ट्रे घ्या. आज बायको तुम्ही.”

दोन रिकामे कप ट्रेमध्ये ठेवून पोतनीस दारामागे गेला. पाठीशी लगेच रेघ. त्याला अंग चोरून, तिरकं उभं राहावं लागलं.

“या की बाहेर. चहा निवला.”

तो दारापर्यंत आला आणि थांबला.

“सर, तुमची पाठ आहे माझ्याकडे.”

“माझी कुठली? तुम्हीच बसवलंत असं. खुर्ची अशी का?”

“खिडकीचा उजेड तोंडावर येतो.”

“कुणाच्या?”

पोतनीसनं खडूच्या खिडकीकडे पाहिलं.

“हे घर कुणाचं?” सरांनी मान न वळवता विचारलं.

“आमचंच.”

“म्हणजे ही खुर्ची तुमची.”

“हो. इथं बसून मी सेटची चित्रं काढायचो.”

“ती चहा घेऊन यायची तेव्हाही?”

“तेव्हाही. मग ती हाक मारायची.”

“आल्या आल्या? की थोडं उभं राहून?”

“मला... ठाऊक नाही, सर.”

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली. पावलं जिन्यानं वर गेली.

पोतनीसनं ट्रे जमिनीवर ठेवला. खुर्चीमागे गुडघे टेकून तो तळहातानं खडूची खूण पुसायला लागला.

“काय करताय?”

“खुर्ची वळवतो. दाराकडे तोंड करून...”

“तशी होती का?”

“नाही.”

“मग राहू द्या.”

त्याचा तळहात तिथंच थांबला. पांढरा झाला होता.

सरांनी न वळताच खिशातला खडू खांद्यावरून मागे धरला.

“आतली खोली आखायची राहिलीय.”