खारोलीचे कुंड

तीर्थाटन करीत श्रीतुळजानाथ महाराज मारवाडात उतरले, तेव्हा खारोली नगरात त्यांचा मुक्काम पडला. चहूकडे वाळू आणि मधोमध तटबंदीचे शहर. मागचा पावसाळा कोरडा गेला होता. तळ्याचे पाणी रोज खाली जाताना महाराजांना दिसत होते, आणि नगरातले लोक मात्र अजून अंगणे धूत होते.

महाराजांनी सर्वांना मंदिराच्या ओसरीवर बोलावले. म्हणाले, "दिवस अवघड येत आहेत. घरात लागतं त्यातून रोज एक तांब्या वाचवा आणि इथल्या कुंडात आणून घाला."

मंदिरामागचे ते कुंड फार खोल होते. वरून तळ दिसत नसे. लोक काही दिवस आले. मग कोणी म्हणाले, तळाला भेगा असतील, पाणी मुरतच असेल. हळूहळू येणे थांबले. येत राहिली ती एकटी धापूबाई. लोकांची दळणे दळून पोट भरणारी ही विधवा भांडी राखेने घाशी, भाजी धुतलेले पाणी दारच्या निंबाला घाली, आणि वाचलेला तांब्या पदराआड झाकून कुंडाशी नेई.

तिची वाट नगरसेठ हुकमीचंदांच्या हवेलीवरून जाई. तिथे अंगणात कारंजे उडे, घोड्यांना रोज न्हाऊ घालीत. ओट्यावरून सेठजी विचारीत, "काय धापूबाई, भरला का समुद्र?" बसलेली मंडळी हसत. "तुझ्या महाराजांना सांग, या हवेलीखालचं टाकं माझ्या आजोबांपासून कधी आटलेलं नाही."

धापूबाई खाली मान घालून पुढे जाई. पण एकदा तिला राहवले नाही. ती महाराजांना म्हणाली, "बापजी, माझीच घागर आता अर्धी भरते. हे पाणी खरंच मुरत असेल, तर माझ्या हातून पाप घडतंय का?"

महाराज म्हणाले, "माय, स्वतःची तहान आवरून दुसऱ्यासाठी ठेवलेलं पाणी देव मुरू देत नाही. तू घालत राहा."

ज्येष्ठ लागला. तळ्यात चिखल उरला. दूरच्या विहिरींवरून पाणी आणणारे उंटांचे तांडे वाळूच्या वादळात अडकले. दारोदारी घागरी पालथ्या पडल्या. लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. अशातच सेठजींची नात गवरी हिला उन्हाची झळ लागली. अंग तव्यासारखे तापले, ओठ फुटले. नोकर टाक्यात उतरला तो मूठभर ओली वाळू घेऊन वर आला. सेठजींनी शेजारीपाजारी विचारले. कुणाकडे काही नव्हते. शेवटी नातीला खांद्यावर टाकून ते भर दुपारी अनवाणी मंदिरात आले. मागोमाग सारा गाव लोटला.

"महाराज, कुंडात काही असेल तर..."

एकाने पोहरा सोडला. खाली दगडावर खडखडाट झाला. पोहरा कोरडाच वर आला. सेठजी नातीला मांडीवर घेऊन कुंडाच्या काठी बसले.

महाराज शांतपणे म्हणाले, "माय, आता तू सोड."

धापूबाईने दोर हातात घेतला. "बापजी, नाही आलं तर? या लेकराचं काय?"

"नाही आलं तर दोष माझा. सोड तू."

दोर सरकत गेला. आणि खोलातून आवाज आला, डुबुक. दोर ताणला, तो तिला एकटीला ओढवेना. शेजारणींनी हात लावला, आणि पोहरा काठोकाठ भरून वर आला. काय ती कृपा!

सेठजींनी पहिला तांब्या भरून घेतला आणि महाराजांचे पाय धुवायला वाकले. महाराजांनी चटकन पाय मागे घेतले. "अजून कळलं नाही का? पोर तहानली आहे. आधी तिला पाजा."

थेंब थेंब पाणी पोटात गेले. बऱ्याच वेळाने गवरीने डोळे उघडले आणि आजोबांकडे आणखी मागितले.

तांडे येईपर्यंत ते कुंड नगराला पुरले. माणशी एक तांब्या मिळे, आणि त्यावर कोणी मागितले नाही. एका बाईने घातलेले पाणी एवढ्यांना कसे पुरले, ते भगवंतालाच ठाऊक.

त्या दुपारी सेठजींनी आधी धापूबाईपुढे हात जोडले. ती संकोचून एवढेच म्हणाली, "गवरीला सावलीत न्या, सेठजी." मग त्यांनी महाराजांच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके टेकले. उठले तेव्हा कपाळाला धूळ लागली होती. ती त्यांनी पुसली नाही.