पुसलेलं नाव

"मग लोकांनी विश्वास ठेवायचा तरी कुणावर, मास्तर? त्या छापील कागदावर, की माझ्यावर?"

कैवल्य नेरकर खुर्ची ओढून ऐटीत बसला. गावाला गढूळ पाणी येतंय, पोरं जुलाबानं आडवी पडलीत, ही बातमी सगळ्या पेपरांनी गिळली होती. त्यानं ती आपल्या ब्लॉगवर मांडली आणि आठवड्यात टाकी धुतली गेली. तेव्हापासून गावात त्याचा भाव चांगलाच वधारला होता.

शेख मास्तरांनी चाळीस वर्षं साप्ताहिक चालवलं. ते बंद पडल्यापासून त्यांच्या दाराशी फारसं कुणी चप्पल काढत नसे.

"नगरपालिकेची जाहिरात हातची कोण घालवतो?" मास्तर म्हणाले. "मीही दोनदा गप्प बसलोय. तू नाही बसलास. चहा घे."

कैवल्यला बरं वाटलं.

"आणि काशिनाथ?" मास्तरांनी विचारलं.

काशिनाथ टाकीवरचा माणूस. पाण्यात औषध त्यानंच टाकलं नाही, असं कैवल्यनं नावानिशी लिहिलं होतं. नगरपालिकेनं औषध पाठवलंच नव्हतं, हे दोन दिवसांनी कळलं.

"ते नाव मी काढलं की. लगेच. पेपरात जमलं असतं का असं? आता शोधूनही सापडायचं नाही."

"तुझ्याकडे सापडायचं नाही. काल हॉटेलात काशिनाथ येऊन बसला... तर शेजारचे कप घेऊन उठले."

कैवल्यनं कप खाली ठेवला.

मास्तरांनी फळीवरून जुन्या अंकांचं बाड काढलं, धूळ झटकली, एक पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं. पहिल्याच पानावर ठळक चौकट. अमुक शिक्षकाला गेल्या अंकात आम्ही चोर म्हटलं, तो चोर नाही, चूक माझी. खाली मास्तरांची सही.

"गेला अंक पुसता आला असता, तर?" कैवल्यनं विचारलं.

"पुसलाच असता रे. मी काय अवलिया आहे?"

दोघंही जरा हसले.

"ते नाव परत लिही," मास्तर म्हणाले.

"परत? आधीच त्याची एवढी बदनामी..."

"होतं तसं लिही. आणि त्याच्या वर लिही, हे खोटं मी लिहिलं."

कैवल्यनं फोन हातात घेतला. ती बातमी उघडली.

"वाचणारे निघून जातील, मास्तर. एकटाच उरेन मी."

मास्तरांनी रिकाम्या अंगणाकडे पाहिलं.

"मग एकट्याचाच हिशेब राहील, बेटा... तेवढा तरी खरा ठेव."