तळ्याशेजारचा फासा

फार वर्षांपूर्वी, सकाळी दहा वाजता, वडाखाली पोपटगुरुजींचा इंग्रजीचा तास चालू होता. प्रत्येकाने पाच ओळींची गोष्ट रचायची होती. शाळेचा नियम असा, की चुका सुधारल्याशिवाय गोष्ट वर्गात वाचायची नाही.

खारीने लिहिलं, की शिकाऱ्याने तळ्याशेजारी फासा लावला आहे. वाचून गुरुजी भडकले.

“खारुताई, ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी. तू लिहिलंस ‘बिसाइड्स’, म्हणजे शिवाय!”

“चुकलं, गुरुजी. पण फासा खरंच आहे. मी सकाळी पाहिला. सगळ्यांना सांगू का?”

“शेजारी आहे की शिवाय, ते आधी ठरव!”

माकड खो-खो हसलं. खारीला तो शब्द शंभरदा लिहायला वडामागे बसवलं. सशाची गोष्ट बिनचूक निघाली, म्हणून गुरुजींनी शाबासकी देऊन त्याला सगळ्यांआधी तळ्यावर पाणी प्यायला सोडलं.

दुपारी खारीची सुधारलेली गोष्ट वाचली गेली. गुरुजी म्हणाले, “कल्पना छान आहे.”

ससा परतला नाही. त्याला सोडण्याआधी गुरुजींनी खारीची गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती. त्याबद्दल त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.