खिरडगावच्या वेशीवरचे अलिफ, मीम, नून

खिरडगावच्या वेशीला दारे नाहीत. वरच्या आडव्या शिळेवर तीन अरबी अक्षरे आहेत, अलिफ, मीम आणि नून, एकमेकांना न जोडता वेडीवाकडी खोदलेली. वेशीजवळ राहणारे वयोवृद्ध हाफिजचाचा पाहुण्यांना आधी ती वाचून दाखवतात आणि मग खाली बसवून त्यांची गोष्ट सांगतात.

फार जुन्या काळी म्हणे इथे नूरुल्ला नावाचे आखुंद, म्हणजे मुलांना अक्षरे शिकवणारे गुरुजी, राहत. यंकू वडार हा त्यांचा आवडता शागीर्द. थडग्यांचे दगड कोरायचे म्हणून तो लिपी शिकला. आखुंदजी त्याला सांगत, "या तीन अक्षरांचं एकच मूळ. त्यातून अमान फुटते, म्हणजे अभय. विश्वासाने सोपवलेली ती अमानत, ती सांभाळणारा तो अमीन. आपलं इमानही तिथलंच. मूळ सडलं, तर यातला एकही शब्द जगत नाही."

तेव्हा इथल्या बादशाही ठाणेदाराने वेशीच्या आत बुरूज बांधायचा घाट घातला होता. बांधकाम तीनदा ढासळले, दरवेळी वेठीला धरलेले वडार दगडांखाली गेले. शेवटी यंकू आपली सत्तावीस माणसे, बायकापोरांसह, घेऊन समोरच्या डोंगरावर चढला. ठाणेदाराने वाटा रोखल्या. नवव्या दिवशी वरचे पाण्याचे टाके आटले.

ठाणेदाराने अमाननामा लिहून आखुंदजींच्या हाती दिला. "तुमच्याखेरीज ते कुणावर विश्वास ठेवायचे नाहीत," तो म्हणाला.

निघताना आखुंदजींना वेशीच्या आत ताजा चर दिसला. पुरुषभर खोल, लांबलचक.

"हे कशाला?"

"बुरुजाचा पाया," ठाणेदार म्हणाला. "या खेपेला पक्का भरायचा आहे."

आखुंदजींनी पुन्हा एकदा चराकडे पाहिले. पण वर लेकरे तहानेने तडफडत होती. बादशाही शिक्का आहे, खोटा कसा असेल, असे मनाला समजावत ते डोंगर चढले.

यंकूने कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "कागदावरचं मला वाचता येतं, आखुंदजी. तुमच्या मनात काय आहे?"

आखुंदजींना चर आठवला. एका बाईच्या मांडीवरचे मूल ओला फडका चोखत होते. ते म्हणाले, "अमान आहे, बेटा."

भर दुपारी माणसे खाली उतरली. वेशीपाशी शिपायांनी आखुंदजींना हात धरून थांबवले. "तुम्ही वडीलधारे. मागून या."

अठ्ठाविसावा माणूस आत गेला आणि दारे लागली. आखुंदजींनी दारावर मुठी आपटल्या. आतून आधी हाका आल्या, मग फक्त फावड्यांचा आवाज. तो दिवस मावळेपर्यंत चालला, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी नमाजात आखुंदजींची जीभ त्याच मुळातल्या 'आमीन'पाशी अडली. मागची सारी रांगही गप्प राहिली. त्यांनी डोंगरावरून यंकूची छिन्नी शोधून आणली आणि वेशीला शिडी लावली. कुणी अडवले नाही. हात दगडाला सरावलेला नव्हता, बोटे फुटली. अक्षरे का जोडत नाही, असे लोकांनी विचारले तेव्हा म्हणाले, "जोडली तर शब्द होईल. शब्द द्यायचा हक्क मी गमावला."

बुरूज त्या पावसाळ्यातच चौथ्यांदा बसला, तेव्हा ठाणेदार वरच होता म्हणे. पण ढिगाऱ्यात तो सापडला नाही, की दुसरीकडे कुठे दिसलाही नाही. लोकांनी दारे उखडून जाळली. मरताना आखुंदजी एवढेच बोलले म्हणतात, "मी आधी आत जायला हवं होतं."

आजही खिरडगावात सोयरीक ठरो, भांडण मिटो की जमिनीची वाटणी होवो, ज्याने शब्द दिला तो आधी एकटा वेशीतून आत जातो. ज्याला दिला तो बाहेर उभा राहून पाहतो. कधी कधी शब्द देणारा त्या शिळेखाली थबकतो आणि माघारी वळतो. अशा माणसाला गावात कुणी कारण विचारत नाही.